मगर सवय खाते

मेश्राम काका एका रस्त्यानं सलग तीन दिवस कधीही ऑफिसला जात नाहीत. कधी ते कॅनॉलच्या कडेनं चालत जातात, कधी सुपरमार्केटच्या कार पार्कमधून तिरके घुसतात, आणि कधी उलट दिशेची बस पकडून इंग्लंडातल्या आमच्या अख्ख्या रीडिंग शहराला प्रदक्षिणा घालून ऑफिसच्या मागच्या दारानं आत येतात. एका गुरुवारी भुरभुर पावसात ते मला दफनभूमीच्या कुंपणाशी चिखल तुडवताना दिसले. मी गाडी थांबवली, काच खाली केली आणि म्हटलं, "काका, बसा."

"नाही भाऊ," ते छत्रीखालून म्हणाले. "काल आणि परवा तुझ्याच गाडीनं आलो न. आज तिसरा दिवस होते."

"मग?"

"मग काय? ती अभ्यास करून राहिली."

ती म्हणजे मगर. साधीसुधी मगर नव्हे, खाऱ्या पाण्यातली मगर. जगातला सगळ्यात मोठा सरपटणारा प्राणी. ती ओडिशाच्या खाड्यांत असते, अंदमानात असते, उत्तर ऑस्ट्रेलियात असते. रीडिंगमध्ये नसते. आमच्या कॅनॉलमध्ये हंस असतात, बदकं असतात आणि कुणीतरी ढकलून दिलेल्या ट्रॉल्या असतात. हे मी काकांना अनेकदा सांगून पाहिलं आहे.

"मला माहीत आहे बाप्पा," ते म्हणतात. "पण सवय लागली की ती इथंच थोडी थांबते? तू ऐक. एक माणूस रोज सकाळी त्याच घाटावर बादली धुवायला येते. पहिल्या दिवशी मगर पाहते. दुसऱ्या दिवशी परत पाहते. तिसऱ्या दिवशी तिची खात्री होते. पाण्यावर काही दिसत नाही, दोन डोळे आणि नाकपुड्या, बस. आणि चौथ्या दिवशी..." इथं काका दोन्ही तळवे एकमेकांवर असे आपटतात की आजूबाजूचे लोक दचकतात. मग शांतपणे म्हणतात, "मगर माणूस खात नाही, भाऊ. मगर सवय खाते."

हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते मला झोपेतही ऐकू येतं. मला ते लागतंही, कारण मी सवयीचा गुलाम आहे. पुण्यात होतो तेव्हाही होतो आणि इथं आल्यावर तर इंग्रजांनी मला त्यात पारच पक्कं करून टाकलं. माझी गाडी रोज त्याच दिव्याखाली उभी राहते. माझा मग ठरलेला, खुर्ची ठरलेली, दुपारच्या सँडविचमधलं सारणसुद्धा ठरलेलं. काकांनी ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं तेव्हाच मला नीट न्याहाळलं होतं आणि डॉक्टरनं रिपोर्ट वाचावा तशा आवाजात सांगितलं होतं, "नितीनभाऊ, तू चौथ्या दिवसाचा माणूस आहेस."

काका मूळचे नागपूरचे. वीस-बावीस वर्षांपूर्वी वर्क परमिटवर इथं आले आणि राहिले. आता साठीला टेकलेत. आमच्याच कंपनीत रिस्क डिपार्टमेंटला आहेत, म्हणजे काय काय वाईट होऊ शकतं याची यादी करण्याचा त्यांना पगार मिळतो. राहतात आमच्या समोरच्याच घरात, एकटे. काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या. हॉलमध्ये बुद्धाची एक सुरेख मूर्ती आहे, तिच्यासमोर काका रोज अगरबत्ती लावतात, फक्त वेळ बदलून. एक मुलगी आहे, सुजाता. लंडनला चांगल्या नोकरीत होती. दोन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून ऑस्ट्रेलियाला गेली, आणि तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं बंद आहे. एवढंच आम्हाला ठाऊक होतं. माझी बायको मुग्धा एकदा सहज म्हणाली होती, "काका, सुजाता काय म्हणते?" तर काका उठून आमच्याच किचनमध्ये गेले आणि आमच्याच कपबशा धुऊन आले. त्यानंतर आम्ही ते नाव काढलं नाही. पण दिवाळीत, नाताळात समोरच्या खिडकीत त्यांना एकटं बसलेलं पाहिलं की वाईट वाटायचं. एक फोन झाला तर काय बिघडेल, असं मुग्धा म्हणायची. मीही म्हणायचो. समोर जाऊन कोण म्हणणार?

मगरीचं वेड त्याच सुमाराचं. त्याआधी काकांना प्राण्यांचं काडीचंही प्रेम नव्हतं. शेजारच्या मांजरीलासुद्धा ते "एक्सक्यूज मी" म्हणून बाजूला करायचे. मुलगी गेली, घर रिकामं झालं, माणसाला काहीतरी लागतं, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. कुणी बागकाम करतं, कुणी सूर्यनमस्कार घालतं. काकांनी मगर धरली.

आणि धरली ती पुरती. एका शनिवारी सकाळी बाहेर आलो तर काका रस्त्यावर ओणवे. हातात मोजपट्टी आणि पिवळी चिकटपट्टी. आमच्या घरांसमोरच्या पार्किंगच्या जागेवर ते मगरीची आकृती काढत होते. शेपटी त्यांच्या गाडीच्या जागेत सुरू झाली होती आणि जबडा माझ्या गाडीच्या चाकाखाली येऊन अडला होता.

"गाडी काढ थोडी," ते म्हणाले. "थोबाड राहिलं."

मी गाडी काढली. काकांनी थोबाड पुरं केलं, उभे राहिले, कमरेवर हात ठेवून पाहिलं. मीही पाहिलं. कागदावर सहा मीटर वाचणं वेगळं आणि आपल्या दारात पडलेले पाहणं वेगळं. मला उगाचच पाय मागे घ्यावेसे वाटले.

"हा मोठा नर. सगळेच एवढे नसतात," काका म्हणाले. "पण असतात. वजन एक टन. आपली पार्किंगची जागा चार मीटर ऐंशी. म्हणजे याला कौन्सिलकडून दोन परमिट घ्यावे लागतील." आणि ते स्वतःच खूश होऊन हसले. आठवडाभर ती मगर तिथं होती. पोस्टमन तिला वळसा घालून जायचा. शेवटी कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं, त्यात रस्त्यावरच्या अनधिकृत खुणांबद्दल नापसंती होती. काकांनी उत्तर पाठवलं की खूण तात्पुरती आहे, धोका कायमचा आहे.

ऑफिसात त्यांचा दुसरा वर्ग चालायचा. आमचा मॅनेजर ग्रॅहम हा अत्यंत सभ्य, गुलाबी माणूस. एकदा कॅन्टीनमध्ये करी-डे होता. ग्रॅहमनं सहज विचारलं, वीकेंड कसा गेला? काकांनी उत्तरादाखल त्याच्या ताटातला नान उचलला, एक टोक त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "होल्ड टाइट." मग दुसरं टोक दातात धरून काकांनी जागच्या जागी स्वतःभोवती गिरकी घेतली. नानचा तुकडा पडला. ग्रॅहमचा टाय चिकन मसाल्यात बुडाला.

"शी कॅनॉट च्यू, ग्रॅहम," काका तोंडातला नान बाजूला सारत म्हणाले. "दॅट इज व्हाय शी रोल्स."

मगरीला घास चावून बारीक करता येत नाही, ती धरते आणि पाण्यात गरागरा फिरते, तुकडा निघेपर्यंत. ग्रॅहमनं "हाऊ फॅसिनेटिंग" असं म्हणून उरलेला नान परत घेतला नाही. पुढच्या आठवड्यात काकांनी त्याला जबड्याचं रहस्य सांगितलं. मिटताना या जबड्यात इतका जोर असतो की पृथ्वीवर दुसऱ्या कुठल्या प्राण्याच्या चाव्यात नसेल, पण उघडायचे स्नायू अगदीच लेचेपेचे. माणूस हातानं तोंड बंद धरून ठेवू शकतो, चिकटपट्टीनं बांधू शकतो. "म्हणजे मिटलं की उघडणं कठीण," काका म्हणाले. मला तेव्हा त्या बोलण्याचं काही वाटलं नाही.

त्यांच्या मते मगर ही आमच्या अख्ख्या डिपार्टमेंटपेक्षा हुशार होती. तिला लांबचा प्रवास करायचा असला की ती पोहत बसत नाही. भरती-ओहोटीचा प्रवाह आपल्या दिशेला वळेपर्यंत काठावर पडून राहते, वळला की अंग सोडून देते. प्रवाह उलटला की पुन्हा काठावर. काकांनी हे तंत्र संध्याकाळच्या ट्रॅफिकला लावलं होतं. संध्याकाळी पाच वाजता सगळे धावत गाड्यांकडे निघत, तेव्हा काका खुर्चीत हात पोटावर ठेवून, डोळे अर्धे मिटून स्वस्थ बसलेले असत. साडेपाचला ते उठत आणि म्हणत, "उलटली." मग आरामात घरी येत. मी पाचला निघून कधी कधी त्यांच्या मागून पोचायचो, आणि ते दारात उभे राहून मला हात करायचे. त्या हाताचा मला फार राग यायचा.

कचऱ्याच्या डब्यांवरून मात्र त्यांचा पराभव झाला. डबे दर मंगळवारी सकाळी सातच्या आत, घरासमोर. यात सवय मोडायला जागा नाही. काकांनी वेळ पाळली पण जागा बदलली. एका मंगळवारी डबा कोपऱ्यावर, एका मंगळवारी आमच्या दारात, एकदा तर चक्क पलीकडच्या गल्लीत. कचरावाले काही मगर नव्हेत, त्यांनी अभ्यास केला नाही. तीन आठवडे काकांचा कचरा उचलला गेला नाही, आणि मग वासामुळे त्यांनी तत्त्वाला मुरड घातली.

असा हा माणूस गेल्या नोव्हेंबरात एका सवयीला लागला.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनजवळच्या एका नदीवर, पर्यटकांना मगरी दाखवणाऱ्या बोटी जातात. तिथल्या एका धक्क्यावर नोव्हेंबरात कॅमेरा बसवला गेला. इंटरनेटवर चोवीस तास थेट चित्र. मातकट पाणी, लाकडी धक्का, दोराचं वेटोळं, चार खांब. दिवसाची शेवटची बोट परतली की धक्क्यावरचं माणूस येऊन उरलेलं मांस लांब काठीला लटकवून पाण्यावर धरतं, आणि एक अवाढव्य म्हातारा नर ते घ्यायला वर येतो. काकांनी त्याचं नाव ठेवलं होतं मोठे साहेब. तिथं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असत आणि इथं सकाळचे साडेआठ.

साडेआठ म्हणजे साडेआठ. काका कुठंही असोत, बसमध्ये, लिफ्टमध्ये, एकदा तर डेंटिस्टच्या खुर्चीत, साडेआठला फोन बाहेर यायचा आणि पाच मिनिटं काका जगातून नाहीसे व्हायचे. हलत नसत, बोलत नसत. पापणीही लवत नसे म्हटलं तरी चालेल. मग मोठा श्वास सोडून फोन खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "झालं. आजचा दिवस झाला."

"काका, ही सवय नाही का?" मी एकदा आनंदानं विचारलं. दोन वर्षं वाट पाहिली होती मी या प्रश्नाची.

"मी काठावर आहे न, भाऊ," ते म्हणाले. "पाण्यापाशी उभं राहणाऱ्यानं सांभाळायचं असते."

फेब्रुवारीत आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी शिल्पाताई कार्यक्रमांच्या शोधात होत्या. लावणी झाली होती, टॅक्स रिटर्नवर मार्गदर्शन झालं होतं, सुगम संगीत दोनदा झालं होतं. त्यांना मुग्धानं काकांचं नाव सुचवलं. माणसांत येतील जरा, एवढाच तिचा हेतू. काका आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, चालेल, पण वेळ मी ठरवणार. रविवार, सकाळी सव्वाआठ. साडेआठला मोठे साहेब थेट पडद्यावर दाखवीन.

"रविवारी सव्वाआठला मराठी माणूस?" शिल्पाताई म्हणाल्या.

"तर्री पोहे मी करतो," काका म्हणाले.

नागपुरी तर्री पोह्यांचं नाव निघताच प्रश्न मिटला. मार्चचा शेवटचा रविवार ठरला. पत्रक निघालं: 'खाऱ्या पाण्यातली मगर: आकार, बुद्धी आणि शिकार. नंतर अल्पोपाहार.' चाळीसेक लोक येतो म्हणाले, त्यातले किमान पस्तीस अल्पोपाहारासाठी.

त्या रविवारी आम्ही डोळे चोळत हॉलवर पोचलो. झोप पुरी झाली नसल्यासारखं वाटत होतं, पण रविवारी लवकर उठलं की तसं वाटतंच. काका आधीच हजर. कोट, टाय, आणि मागे किचनमध्ये मोठ्या पातेल्यात लालभडक तर्री उकळतेय. सव्वाआठला लोक निम्मेच होते. काकांनी सुरुवात केली आणि मला मान्य केलं पाहिजे, ते फार छान बोलले. आकार सांगितला, बारा खुर्च्या ओळीनं लावून दाखवला. पाण्याखाली तासभर राहते तेव्हा तिचं हृदय किती सावकाश चालतं ते टेबलावर टिचकी मारून ऐकवलं: एक टिचकी, मग इतका वेळ काहीच नाही की शिल्पाताईंनी विचारलं, "गेली का?" लोक हसले. मग त्यांनी मादीबद्दल सांगितलं. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की ती त्यांना त्याच जबड्यात उचलते आणि पाण्यात नेऊन सोडते. "एकाला दात लागत नाही," काका म्हणाले. "एकालाही नाही." आणि घोटभर पाणी प्यायले.

साडेआठ वाजले. काकांनी लॅपटॉपवर कॅमेरा लावला. पडद्यावर मातकट पाणी आलं, धक्का आला, दोराचं वेटोळं आलं. माणूस कुणी नाही.

"येईल आता," काका म्हणाले. त्यांनी सवयीचा धडा सुरू केला. पहिल्या दिवशी पाहते, दुसऱ्या दिवशी परत पाहते. बोलता बोलता ते पडद्याकडे बघत होते. आठ पस्तीस. आठ चाळीस. "तिसऱ्या दिवशी तिची खात्री होते," एवढं बोलून काका थांबले. पुढचं वाक्य आलंच नाही. ते तळवे आपटणं आम्हा सगळ्यांना पाठ होतं, मी तर कानावर हात ठेवायच्या बेतात होतो. काका नुसते उभे होते. चेहरा उतरलेला, हात टेबलाच्या कडेवर घट्ट.

"काका, जनावर आहे ते," शिल्पाताई समजुतीनं म्हणाल्या. "नसेल आज मूड साहेबांचा. आपण पोहे घेऊया का?"

"साहेबांचं नाही हो," काका म्हणाले. आवाज इतका बारीक होता की पहिल्या रांगेच्या मागं कुणाला गेला नसेल. "सुजाता आली नाही."

पोह्यांकडे निघालेले लोक परत खुर्चीत बसले.

"माझी पोरगी आहे ती. तिथं काम करते. रोज साडेआठला येते. टोपी, बूट, हातात बादली. त्या खांबापाशी उभी राहते." काका पडद्याजवळ गेले आणि डावीकडच्या दुसऱ्या खांबावर बोट ठेवलं. "रोज त्याच खांबापाशी. त्याच वेळेला. पाच महिने झाले मी पाहून राहिलो. एक दिवस चुकली नाही. एक दिवस जागा बदलली नाही. मी किती वेळा म्हटलं इथं बसून, बाई, जागा बदल, जागा बदल..."

मी मान खाली घातली. दोन वर्षं या माणसाच्या चिखलातल्या वाटांवर मी हसत होतो, आणि ते रोज तिच्या वाट्याचं घाबरत होते.

"फोन लावा ना काका," मुग्धा म्हणाली.

"कसा लावू? ती निघाली तेव्हा मीच म्हटलं, मगरीच्या तोंडात जायचं तर जा, पण मला तोंड दाखवू नको." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "तिनं ऐकलं माझं. टोपी इतकी मोठी घालते की दिसतच नाही."

मुग्धा हॉलभर नजर फिरवत होती, रडू आवरायला असेल. ती नजर भिंतीवरच्या गोल घड्याळावर थांबली. ते इतकं उंच होतं की त्याला हात लावायला शिडीच लागली असती.

"हे घड्याळ मागं का आहे?" ती म्हणाली. "पाच कमी नऊ झालेत ना? यात तर पाच कमी आठ आहेत." आणि मग ती ओरडलीच. "अहो, आज क्लॉक पुढं गेलंय! आज शेवटचा रविवार!"

इथं दरवर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास पुढं करतात. आमच्या सगळ्यांच्या फोननी पहाटे मुकाट्यानं एक तास पुढं उडी मारली होती आणि आम्ही फोनवर विश्वास ठेवून आलो होतो.

"काका, डार्विनला क्लॉक बदलतं का?" मी विचारलं.

या माणसानं कंपनीसाठी पुराची, आगीची, वीज जाण्याची, समुद्राखालची केबल तुटण्याची यादी केली होती. "नाही," ते म्हणाले. "तिथं नाही बदलत."

"मग तिथं आत्ता पाच पंचवीस झालेत. तिला यायला अजून पस्तीस मिनिटं आहेत."

काका खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले.

ती पस्तीस मिनिटं मी विसरणार नाही. कुणी घरी गेलं नाही. शिल्पाताईंनी पोहे वाढले, तर्री फिरली, पण सगळे बशा हातात धरून पडद्याकडे तोंड करून बसले होते. नऊ पंचविसाला दार उघडलं आणि उरलेली निम्मी मंडळी आत आली, अंथरुणाजवळचं घड्याळ पुढं करायला विसरलेली. "सॉरी, थोडा उशीर झाला," असं म्हणत ती बसली. आमच्या मंडळात उशिरा येणारे असे बरोबर वेळेवर कधी पोचले नव्हते.

साडेनऊ. पडद्याच्या उजव्या कडेनं एक टोपी आत आली. रबरी बूट, हातात बादली. ती सरळ चालत डावीकडच्या दुसऱ्या खांबापाशी गेली आणि उभी राहिली. हॉलमध्ये चाळीस माणसांनी एकदम श्वास सोडला. पाण्यात पलीकडे दोन गाठी दिसल्या. त्या गाठी नव्हत्या, डोळे होते.

काका उठले. फोन काढला. नंबर त्यांना शोधावा लागला नाही. फोन कानाला लावून ते पडद्याकडे पाठ करून उभे राहिले.

"सुजाता," ते म्हणाले. "मी."

पडद्यावरची सुजाता अजून बादलीतून मांस काढत होती. ते चित्र आमच्यापर्यंत पोचायला वीसेक सेकंदं लागतात, हे आम्हाला नंतर कळलं.

"हो. बाबा. नाही, नाही, कोणी गेलं नाही. सगळे आहेत. मी पण आहे. तब्येत ठीक आहे. अगं नाही, हॉस्पिटलात नाही, हॉलमध्ये आहे. पोहे केले." काकांनी एक हात भिंतीला टेकला. "ते मी जे बोललो होतो न, ते चूक होतं माझं. ऐकून राहिली न? पण ते नंतर. आधी तू मागं हो. मागं हो म्हणतो न मी! त्या खांबापासून. रोज तिथंच काहून उभी राहते तू?"

तेवढ्यात पडद्यावर सुजातानं बादली खाली ठेवली आणि खिशातून फोन काढला. कानाला लावला. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग एक पाऊल मागे गेली, आणखी दोन पावलं मागे गेली. मग तिनं इकडंतिकडं पाहिलं, वर पाहिलं, कॅमेरा शोधला, त्याच्याखाली आली आणि टोपी काढली.

"काका," मी म्हटलं, "मागं वळा."

काका वळले. पडद्यावर, भिंतीएवढा मोठा, सुजाताचा चेहरा होता. नाक अगदी काकांचं. ती हसत होती की रडत होती ते चित्र इतकं अस्पष्ट असताना सांगणं कठीण होतं. काका दोन्ही करत होते, ते मात्र सगळ्यांना दिसलं. पाण्यातले दोन डोळे थोडा वेळ थांबले आणि उपाशीच खाली गेले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, साडेनऊला आम्ही कॅन्टीनमध्ये काकांच्या फोनवर डोकं घालून बसलो. मी, ग्रॅहमसुद्धा. सुजाता उजवीकडच्या पहिल्या खांबापाशी होती. मंगळवारी ती धक्क्याच्या अगदी मागं, पायरीवर उभी राहिली आणि तिथूनच लांब काठी पुढं केली. बुधवारी आणखी तिसरीकडे. काकांनी प्रत्येक वेळी मान हलवून पास केलं.

पण एक गोष्ट रोज होत होती. काम आटपलं की ती कॅमेऱ्याखाली यायची, टोपी काढायची, मान वर करून दोन क्षण थांबायची आणि मग जायची. सोमवारी केलं, मंगळवारी केलं, बुधवारीही केलं. गुरुवारी ती टोपी काढत होती तेव्हा मला राहवलं नाही.

"काका, चौथा दिवस. याच वेळी, याच जागी. सवय झाली ही."

काकांनी फोनवरून नजर काढली नाही.

"ही राहू दे," ते म्हणाले.